तर्जनीचा घट

रामघाटाच्या गल्ल्यांत कुणाचं बोट दारात चेंगरलं, सायकलच्या साखळीत गेलं किंवा सुपारीबरोबर अडकित्त्यात आलं, की पहिली हाक देवाला जात नाही, प्रमोदिनीबाईंना जाते. "अरे, उंगलीवाली दीदी को बुलाओ!" बोट धुऊन, बांधून झालं की मग देव आठवतो.

बाई एकसष्ट वर्षांच्या, बुटक्या, आवाज मात्र रामघाटावर बोलल्या तर भोसले घाटावर ऐकू जाईल असा. तेहेतीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली. निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करायची ठरवलं होतं. पण काशीत जन्मलेल्या माणसाने तीर्थयात्रेला जायचं तरी कुठे? म्हणून गल्लीतल्या धर्मार्थ दवाखान्यात रोज चार ते सात बसू लागल्या. तिथे त्या जखमा बांधतात आणि माणसांना फैलावर घेतात. दुसरं काम त्या जास्त मन लावून करतात. "हळद भरलीस जखमेत? भाजी करायची होती का बोटाची?" "टूथपेस्ट लावली? दात आलेत का तिथे?" शिव्या खाऊन माणसं हसत घरी जातात आणि आठवड्याने पुन्हा हजर होतात.

ही बोटांची विद्या त्यांना कुणी शिकवली नाही, एका विणकराने दिली. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. मदनपुऱ्यातून एक तरुण आला, मागात सापडून मधल्या बोटाचं टोक गेलेलं. डॉक्टर रजेवर. बाईंनी जखम धुतली आणि सलाईनची सुई हातावर चिकटवायला जी पारदर्शक पट्टी असते ना, ती बोटाला गुंडाळून दिली. परवा ये म्हणाल्या. पठ्ठ्या बहिणीच्या लग्नात रमला आणि आला बाराव्या दिवशी! पट्टी काढली तर असला वास सुटला, की बाईंना वाटलं, संपलं, बोट सडलं. तपकिरी पाणी धुऊन काढलं, आणि खाली काय? गुलाबी, गोल, ओलं, जिवंत मांस. कडेकडेने नवी कातडी आत सरकत आलेली. महिन्याभरात बोटाला टोक आलं आणि टोकावर ठशाच्या रेषासुद्धा आल्या.

इस्पितळातल्या म्हाताऱ्या सर्जनना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "हे पुस्तकात आहे, प्रमोदिनी. हाड उघडं पडलं नसेल तर बोटाचं टोक आपलं आपण भरतं. शिवायची घाई आम्हाला असते, कातडीला नसते." म्हणजे शोध काही बाईंचा नव्हता. पण पुस्तकात असणं वेगळं आणि रोग्याला तो वास महिनाभर सहन करायला लावणं वेगळं. ते काम बाईंनी पुढे शेकडो वेळा केलं.

आता खरी गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात दत्तात्रेयशास्त्री आले. रामघाटावरची वेदपाठशाळा चालवतात ते. तीन पिढ्यांचं नाव, कडक सोवळं, जन्मात कुणाच्या दारात न बसलेला माणूस. मागे त्यांचा मुलगा विश्वेश, चोवीस वर्षांचा, उजवा हात रक्ताने भिजलेल्या उपरण्यात गुंडाळलेला. पलीकडच्या तीरावरून परत येताना त्याने नावेची कड धरली होती. शेजारून मोटारबोट गेली, लाट आली, नाव पायरीवर आदळली आणि तर्जनीचं टोक अर्ध्या नखासकट गेलं.

"तुकडा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"गंगेत पडला," विश्वेश म्हणाला.

"गंगार्पणमस्तु," शास्त्रीबुवा पुटपुटले.

"गंगेला काय कमी पडलं होतं, शास्त्रीबुवा? पोराला लागला असता तो!" बाईंनी उपरणं सोडलं, नळाखाली बोट धरलं, चष्मा नाकावर ओढून बराच वेळ पाहिलं. हाडावर मांसाचा पातळ थर शिल्लक होता. बाईंनी सुटकेचा सुस्कारा सोडला.

दवाखान्यात आठवड्यातून दोनदा डॉ. कुणाल येतात, तरुण सर्जन, बँकेतल्या बदलीवर आलेल्या मराठी बापाचा बनारसात वाढलेला मुलगा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, एक्स-रे झाला. कुणाल म्हणाले, "ताई, हाड दोन-तीन मिलीमीटर छाटू, कातडी ओढून शिवून टाकू. पंधरा दिन में छुट्टी. बोट थोडं आखूड होईल, बस."

"बस" म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बाकावर बसले, म्हणजे बसलेच. सोवळं-बिवळं सगळं विसरून.

विश्वेशची घनान्त परीक्षा दत्तजयंतीला होती. नऊ आठवडे हातात. बारा वर्षं त्याने यजुर्वेद पाठ केला होता. शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट असे गुंफून म्हणायचे त्याला घन म्हणतात. आणि या शाखेत वेद नुसत्या तोंडाने म्हणत नाहीत. उजवा हात स्वराबरोबर वर जातो, खाली येतो. शब्दाच्या शेवटी ‘म्’ आला की मूठ मिटते, ‘त्’ आला की तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला टेकतं. हात चुकला तर पाठ चुकला. आखूड बोटाने एक वेळ तेही जमवता आलं असतं. खरी अडचण दुसरीच होती, आणि ती शास्त्रीबुवांनी मान खाली घालून सांगितली. अंगाने उणा झालेला माणूस त्यांच्या पाठशाळेत यज्ञाला बसत नाही, की परीक्षेलाही नाही. अकरा वर्षांपूर्वी नरहर नावाच्या एका चांगल्या वैदिकाला त्यांनीच भर मंडपातून परत पाठवलं होतं. त्याच्या करंगळीचं एक पेर नव्हतं.

"दुसऱ्याच्या पोराला लावलेला नियम माझ्या पोराला कसा सोडू?" ते म्हणाले. "परीक्षेला बसवायचं की नाही, हे मलाच ठरवायचंय. आणि मी बसवणार नाही."

"नियम तुमचा चुकीचाच आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "पण ते भांडण मी नंतर करीन. आधी बोट. डॉक्टर, मला पंधरा दिवस द्या. हाड झाकलेलं आहे."

"ताई, लहान मुलांचं भरतं. हा चोवीसचा आहे."

"मग जरा उशिरा भरेल. लाली वर चढली, ठणका वाढला, ताप आला, तर मी स्वतः त्याला तुमच्या टेबलावर आणून झोपवीन."

कुणालना बाईंशी वाद घालून आजवर यश आलं नव्हतं. पंधरा दिवस मिळाले.

बाईंनी बोट स्वच्छ केलं, पारदर्शक पट्टी चढवली, विश्वेशला समोर बसवून दम भरला. हात छातीच्या वर ठेवायचा. आंघोळीला पिशवी बांधायची. पाचव्या-सहाव्या दिवशी आत पाणी साठेल, घाण वास येईल. तो सडका वास नाही, कामाचा वास आहे. कातडीला सरकायला ओल लागते. कोरडं पडलं की खपली धरते, आणि खपलीखालून वाट काढता काढता तिचा जीव जातो. "आणि पट्टी उघडायची फक्त मी. प्रत्यक्ष विश्वनाथ आले तरी त्यांना सांगायचं, चार वाजता दवाखान्यात या."

"हो, मावशी," विश्वेश म्हणाला.

पहिल्या आठवड्याला पट्टी बदलली तेव्हा कडेला नव्या कातडीची झिरझिरीत रेघ दिसत होती. बाई खूश. इथवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, आणि इथेच माती खाल्ली.

कार्तिकस्नान सुरू झालं होतं. शास्त्रीबुवांच्या घरात अग्निहोत्र; सोवळ्यात चार जण, आणि त्यात हा वास! दोन दिवस त्यांनी सोसलं. मग शेजारच्या कुणी वैद्यकी पाजळली, की वास म्हणजे सडणं, सडणं म्हणजे कापणं. शास्त्रीबुवा घाबरले. घाबरलेला माणूस त्याला जे येतं तेच करतो. त्यांना शुद्धी करता येत होती. नवव्या दिवशी पहाटे त्यांनी मुलाला घाटावर नेलं, पट्टी सोलून काढली, तीन डुबक्या मारायला लावल्या आणि उघड्या बोटावर अग्निहोत्राचं भस्म चांगलं चिमूटभर दाबून भरलं. विश्वेश काही बोलला नाही. बारा वर्षं ज्या बापापुढे बसून प्रत्येक अक्षर घेतलं, त्याला नाही कसं म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी त्याची बहीण ईशानी त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन आली. बोट टम्म फुगलेलं, लाल, जखमेवर राखेची काळी खपली.

प्रमोदिनीबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. हे पहिल्यांदाच घडलं असं गल्लीतली माणसं सांगतात. मग फुटला. तो इथे लिहीत नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या ईशानीलाही तो नवीन होता.

दीड तास त्या भिंग लावून बसल्या. सलाईनचं पाणी सोडायचं, राखेचा कण सुटायचा, पुन्हा पाणी. प्रत्येक कणाबरोबर नव्या कातडीचा पापुद्रा निघून येत होता. नऊ दिवसांची कमाई डोळ्यांदेखत वाहून गेली. विश्वेशच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते दुखण्याचं की दुसरं, कोण जाणे. कुणालनी गोळ्या सुरू केल्या आणि शांतपणे म्हणाले, "तीन दिवस, ताई. लाली उतरली नाही तर मी थांबणार नाही. फिर तो हाड का मामला है." बाईंनी मान हलवली. या वेळी वाद घातला नाही, कारण डॉक्टरांचं बरोबर होतं.

तिथून त्या थेट शास्त्रीबुवांच्या घरी गेल्या. त्या घराचा उंबरा बाईंनी पूर्वी ओलांडला नव्हता. तरुणपणी याच घरातल्या, शास्त्रीबुवांच्या एका चुलतभावासाठी त्यांचं स्थळ सुचवलं गेलं होतं. "पू पुसणारे हात सोवळ्यात कसे चालायचे," असं म्हणून नकार आला. पुढे त्यांनी लग्नच केलं नाही. पण त्या दिवशी त्या आत गेल्या, चपला काढल्या तेवढ्याच, आणि शास्त्रीबुवांच्या समोर पाटावर बसल्या.

"प्रमोदिनीबाई, चूक झाली," शास्त्रीबुवा आधीच म्हणाले. "पण तो वास! अशुद्ध काहीतरी आत कोंडून ठेवायचं, हे मनाला पटेना."

"शास्त्रीबुवा, नवरात्रात घट बसवता ना?"

"बसवतो."

"मातीत धान्य पेरता, पाणी घालता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या मातीला कसला वास येतो?"

शास्त्रीबुवांची नजर देवघराकडे गेली.

"कुबट येतो. मग उकरून बघता का रुजलं की नाही? गंगेवर नेऊन बी धुऊन आणता? भस्म घालता?"

"घट हलवत नाहीत," शास्त्रीबुवा हळूच म्हणाले. "उठेपर्यंत हात लावायचा नाही."

"मग हा घट बसवलाय असं समजा. तुमच्या मुलाच्या बोटात. तो तुम्ही हलवलात." बाईंचा आवाज चिरकला. राग होता, आणि रडूही आलं होतं, दोन्ही लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "मला त्याचं बोट पाहिजे, शास्त्रीबुवा. तुमच्या यज्ञासाठी नाही. ते वाढायला तयार आहे, म्हणून पाहिजे."

मग शास्त्रीबुवांनी विचारलं, "किती दिवस?"

"माझ्या हिशेबाने पाच आठवडे. आठवड्याने एकदा मी उघडीन."

शास्त्रीबुवा उठले, पळीभर पाणी घेतलं आणि रीतसर संकल्प सोडला. या माणसाने संकल्प सोडला म्हणजे काम झालं. तो मोडायला यमालाही वशिला लावावा लागेल.

तीन दिवस बाईंना घास गोड लागला नाही. लाली पेनाने आखून ठेवली होती, रोज तिची हद्द बघायच्या. पहिल्या दिवशी तिथेच. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी रेघेच्या आत आली. कुणाल म्हणाले, "ठीक है, ताई. चालू द्या." बाई मागच्या खोलीत गेल्या आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडल्या, मग तोंड धुऊन बाहेर येऊन पुढच्या रोग्याला झापलं.

त्यानंतर शास्त्रीबुवांनी राखण मांडली. मुलगा सोवळ्याबाहेर वेगळा बसायचा, तर हे त्याच्याजवळ जाऊन बसू लागले. वास आला की नाकाला उपरणं न लावता देवाचं नाव घ्यायचे. वैद्यकी पाजळणाऱ्या शेजाऱ्याला दारातूनच परत लावला: "घट बसलाय, नंतर या." विश्वेश हात मांडीवर ठेवून नुसत्या तोंडाने घन म्हणायचा, आणि एका दुपारी ते ऐकता ऐकता शास्त्रीबुवांनी फोन उचलला. नरहर आता नाशकात असतो. अकरा वर्षांनी ते त्याच्याशी बोलले. काय बोलले ते कुणाला ठाऊक नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांनी ईशानीला सांगितलं, पाठशाळेतला तो नियम आजपासून नाही. म्हणजे आता बोट आलं काय, न आलं काय, विश्वेश परीक्षेला बसू शकत होता.

ईशानीने धावत येऊन बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "उत्तम! उशिरा का होईना. पण मी बोट सोडणार नाही हं."

आणि बोट आलं! दुसऱ्या उघडणीला खड्डा भरलेला. तिसऱ्याला टोकाला गोलाई. चौथ्याला गुलाबी कातडीने सगळं झाकलं, मधे मसुराएवढी ओल राहिली. पाचव्याला तीही गेली, आणि नख मागून पुढे सरकत होतं. बाईंनी विश्वेशला डोळे मिटायला लावले, बोटाखाली एक दाणा ठेवला.

"तांदूळ," तो म्हणाला.

दुसरा ठेवला.

"हा… गोल आहे. साबुदाणा, मावशी!"

"कुणाल!" बाई ओरडल्या. डॉक्टर-बिक्टर काही नाही, नुसतं कुणाल. कुणालनी भिंग घेतलं, बोट उजेडात तिरपं धरलं आणि बघतच राहिले. टोकावर बारीक, फिकट, वळणावळणाच्या रेषा उमटत होत्या. "ताई," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझे दोन ज्युनियर तुमच्याकडे पाठवतो. शिकवाल?"

"पाठव. पण शिव्या खायची तयारी ठेवून यायचं म्हणावं."

दोन आठवडे राहिले होते. नवी कातडी हळवी, गार पाण्याने झिणझिण्या यायच्या. बाईंनी त्याला आधी कापसावर, मग फडक्यावर, मग पाटावर बोट टेकवायला लावलं, दिवसातून शंभर वेळा. विश्वेश पुन्हा हाताने पाठ करू लागला.

दत्तजयंतीला पाठशाळेचं दालन गच्च भरलं. परीक्षक नीलकंठशास्त्री, ऐंशी वर्षांचे, चुकीला माफी नाही असा लौकिक. बायका मागे बसल्या होत्या, त्यांत प्रमोदिनीबाई. त्यांना त्या घनातलं अक्षर कळत नव्हतं. त्या फक्त एका बोटाकडे बघत होत्या.

विश्वेशने सुरुवात केली. हात वर गेला, खाली आला, मूठ मिटली, उघडली. आणि पहिला ‘त्’ आला. तर्जनी वाकली, तिचं टोक अंगठ्याच्या टोकाला अलगद येऊन टेकलं, टोकाला टोक, जसं टेकायचं तसं.

"शाब्बास रे माझ्या राजा!"

भोसले घाटापर्यंत गेला असणार तो आवाज. सगळं दालन मागे वळलं. बाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. घनात अडखळला तर परीक्षा तिथेच संपते, हे त्यांना आत्ता आठवलं. पण विश्वेश अडखळला नाही. त्याने पापणीही हलवली नाही, पुढचा शब्द उचलला आणि मंत्र पुरा केला.

नीलकंठशास्त्रींनी कपाळाला आठ्या घातल्या. "सभेत हे कोण?"

दत्तात्रेयशास्त्री उभे राहिले. "ओरडू द्या त्यांना," ते म्हणाले. "बोट त्यांचं आहे."

मग तीन तास पाठ चालला. नीलकंठशास्त्री मधूनच कुठलाही मंत्र विचारत होते, विश्वेश म्हणत होता. एक स्वर सुटला नाही, एकदा हात चुकला नाही. शेवटचा मंत्र आला, त्या मंत्राचा शेवटचा ‘त्’ आला, तर्जनी अंगठ्याला टेकली. प्रमोदिनीबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरून ठेवला होता, म्हणून या वेळी "शाब्बास!" असं दत्तात्रेयशास्त्रीच ओरडले.